चादरीचं दुसरं टोक

ता. १२ जानेवारी

ती. आत्यास,
चिमीचा सा. न. वि. वि.

तुझ्या आशीर्वादाने मी लाँड्रीत कायम झाले. मोठ्या बाईंनी काल बोलावून सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा केला होता की मला वाटलं काढूनच टाकतायत. पगार वाढला. आईने तिच्या टेबलावरूनच ऐकून नुसती मान हलवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

घडीची खोली तू सांगायचीस तशीच आहे. इस्त्रीच्या रोलरमधून चादर बाहेर पडते ती इतकी गरम असते की पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांची सालं गेली. आता बोटं निर्ढावली. ठेंगणी बाई माझी जोडीदार आहे. हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं चालतं. एका चादरीत नवरा, दुसऱ्या चादरीत सासू. हॉस्पिटलची एवढी अंथरुणं आहेत म्हणून बरं, नाहीतर तिची गाऱ्हाणी उरली असती.

जोड्या फुटण्याचा दिवस मार्चअखेर आहे. लहानपणी तू सांगायचीस तेव्हा ते मला खोटं वाटायचं. वर्षातून दोनदा सगळ्या जोड्या मोडायच्या, जिचं काम सरस तिने आधी निवडायचं, हातातल्या चादरीचं टोक पुढे करायचं आणि समोरचीने ते धरलं की जोडी झाली. माणसं मुद्दाम विषम ठेवलेली. म्हणजे एकजण उरणारच, आणि उरलेलीने खालच्या खोलीत जाऊन मळके कपडे निवडायचे. मोठ्या बाई याला शिस्त म्हणतात. मी एकदा खाली डोकावले होते. वासाने डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथे बसलेल्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आता खरी गोष्ट. परवा आईची जोडीदार उंच बाई रजेवर होती, म्हणून मला आईसमोर उभं केलं. आत्या, तिचं उजवं मनगट गेलंय. झटका द्यायची वेळ आली की तिचं टोक खाली पडतं. चादरी वाकड्या झाल्या, ढीग मागे राहिला, मोठ्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. आई सबंध दुपार हसत होती. तिला माझ्यासमोर उभं राहायला मिळालं याचाच आनंद. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी येतात हे मला ठाऊक नव्हतं.

घरी विचारायची सोय नाही. तू घातलेला नियम आई अजून पाळते, लाँड्री दाराबाहेर. मनगट शेकताना सांगते की दारावर आपटलं. मी काय करावं, तू सांग. वहिनींना नमस्कार, बाळूला पापा.

तुझी माया आहे तशीच राहावी.
तुझी,
चिमी


ता. २० जानेवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. माझी बोटं अशी झालीत की उत्तराला अख्खी सकाळ लागते, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथे सगळे बरे आहेत. सूनबाई धुतलेल्या चादरीचा बोळा करून कपाटात कोंबते. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघते. लेकाच्या घरात टिकायचं तर डोळ्यांना दुसरं काम द्यावं लागतं.

कायम झालीस, आता काही गोष्टी गाठीशी बांध. समोरचीच्या हाताकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं. हात खोटं बोलतो, खांदा बोलत नाही. जोडीदाराची चूक झाली तर चारचौघींत दाखवायची नाही. दुपारच्या सुट्टीत, पाणी पिताना, सहज बोलल्यासारखी सांगायची. ठेंगणीच्या गाऱ्हाण्यांना हुंकार द्यायचा, मत द्यायचं नाही. मत दिलंस की ते संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याच्या कानी पडलं म्हणून समज. आणि राग आला की उशांचे अभ्रे घ्यायचे. ते छोटे असतात, रागात घडी चुकली तरी कोणाला कळत नाही. मी या चार गोष्टींवर एवढी वर्षं काढली आणि माझ्याशी कोणाचं कधी वाजलं नाही.

आता आईचं. तिच्यावर तुझा जीव आहे, तो असावाच. पण चादरीला आई कळत नाही. तिला दोन टोकं कळतात. तू तिला घेतलंस तर सहा महिन्यांत तुमचा ढीग सगळ्यांत लहान होईल आणि पुढच्या खेपेला तुला कोणी टोक देणार नाही. मग एक खाली जायच्याऐवजी एकीमागे एक दोघी जाल. हे प्रेम नव्हे, हा दोघींचा घात आहे.

घरी विषय काढू नकोस हे चांगलंच. कामाचं कामावर. तुझी आई नि मी एका घरात राहून एकमेकींसमोर उभ्या राहायचो, आणि घरी कधी एका चादरीवरून भांडलो नाही ते याच नियमाने. आणि हो, लाँड्रीत तिला आई म्हणू नकोस. बाई म्हण. बाकीच्यांना वाटतं की या पोरीला आईचा आधार आहे, आणि ते तुला बाधेल.

प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेतच.
तुझी,
आत्या


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईंस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

खूप दिवसांत पत्र नाही, रागावू नका. मनगटामुळे लिहायचं टाळते. पोरीला सांगितलंय की दारावर आपटलं. तिला काही कळलेलं नाही, देवाची कृपा.

ताई, चिमीचे हात बघायला तुम्ही इथे हव्या होतात. अगदी तुमचे हात. तोच झटका, तसंच पुढे येऊन टोक जुळवणं. बाकीच्या बायका मला म्हणतात की तुझी नणंद परत आली. माझी छाती फुगते, पण मी तोंड वाकडं करून म्हणते की अजून पोर आहे, शिकेल. हल्ली ती मला लाँड्रीत बाई म्हणते. पहिल्यांदा हाक आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं की कोणाला म्हणतेय. मग हसू आलं. शिस्तीची आहे, तुमच्यावर गेलीय.

एक सल्ला हवा. उंच बाईने मला सांगून ठेवलंय की मार्चमध्ये ती टोक मलाच देणार. माझं मनगट तिला ठाऊक आहे. म्हणते की ती जरा हळू ओढेल, निभावून नेऊ, अजून एक खेप तरी. तिचे उपकार फार आहेत. पण मला वाटतं, पोरीच्या मनात मला घ्यायचं असेल तर? गेल्या महिन्यात एक दुपार आम्ही समोरासमोर होतो. इतकं बरं वाटलं ताई, की मनगट दुखतंय हेच विसरले. उंच बाईला हो म्हटलं आणि पोरगी टोक घेऊन माझ्यासमोर आली, तर तिचं चारचौघींत हसं होईल. बरं, नाही म्हणावं आणि पोरीने दुसरीला दिलं तर माझी जागा खाली. तिथे मी टिकणार नाही. तुम्ही तिथे कशी वर्षं काढलीत, तुमचं तुम्हाला ठाऊक.

घरी विचारता येत नाही, नियम तुमचाच. तुम्ही म्हणाल तसं करीन.

लोभाची सवय आहे, तो कमी करू नका.
तुमची,
धाकटी


ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. एवढी मोठी झालीस, पोरगी कमावती झाली, तरी विचारतेस कशी नव्या नवरीसारखी.

उंच बाईला सरळ नाही सांग. गोड शब्दांत सांग, पण सांग. चिमीने मला काय लिहिलंय ते मी फोडणार नाही, पोरीचा विश्वास आहे माझ्यावर. एवढंच लिहिते की तुझ्यासमोर उभी राहिली त्या दिवशी तिला रडू आवरत नव्हतं. आता समज काय समजायचं ते.

मात्र तिला एक अक्षर विचारू नकोस. विचारलंस तर तिला वाटेल की आई मागतेय म्हणून देतेय. तिला स्वतःहून देऊ दे. सगळ्या बायकांसमोर लेक आईपुढे चादर धरते, हे त्या खोलीने कधी बघितलेलं नाही. तेवढं सुख तिला घेऊ दे, आणि तूही घे.

मी खाली कशी टिकले म्हणून विचारतेस. टिकले. पहिल्या महिन्यात अन्न जात नव्हतं, मग जायला लागलं. तुझं टोक त्या वर्षी उंच बाईकडे गेलं, त्याला आता किती काळ लोटला. नणंद-भावजयीची जोडी म्हणून सगळी लाँड्री कौतुक करायची, आणि तू माझ्या अंगावरून पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिलीस. संध्याकाळी घरी येऊन तू मला भाजी आणखी हवी का विचारलंस, आणि मी हो म्हटलं. मी कधी तो विषय काढला का? नाही. कामाचं कामावर. माझी बोटं गेली होती, तुझं बरोबरच होतं. मी ते केव्हाच विसरले, तू पण मनात आणू नकोस.

मनगटाला गरम मिठाची पुरचुंडी लाव.

माझी माया तुला ठाऊकच आहे.
तुझी,
ताई


ता. ६ मार्च

ती. आत्यास,
चिमीचा सा. न. वि. वि.

तुझी चार सूत्रं लागू पडली. ठेंगणी आता माझ्यासमोर गप्प काम करते, कारण हुंकाराला चव नाही असं ती म्हणते. मोठ्या बाईंनी काल भिंतीवर नावं लावली. निवडायला मी पहिली आहे. नव्या पोरींपैकी पहिली निवड आजवर कोणाला मिळाली नव्हती म्हणे. पहिल्या टेबलावरची शिट्टी माझ्यासाठी टोक राखून बसली आहे, असं तिने दोनदा सुचवलं. तिला शिट्टी म्हणतात कारण ती काम करताना शीळ घालते आणि त्या तालावर तिचे हात चालतात. तिच्यासोबत उभी राहिले तर वर्षभरात मी पुढे जाईन.

पण आत्या, माझं मन होत नाही. आई हल्ली घरात गुणगुणते. परवा माझी वेणी घालायला बसली. लहान असताना घालायची तशी. मनगट दुखत होतं, मला मागून कळत होतं, पण सोडेना. मी आरशात तिच्याकडे बघितलं तर लाजली. ती माझी वाट बघतेय असं मला वाटतं. मला वाटतं द्यावं तिलाच टोक. जाऊ दे ते पहिलं टेबल. पुढच्या खेपेला मी खाली गेले तर गेले, माझं काय झिजणार आहे? ती मात्र तिथे मरेल.

मी विचारू का तिला? एकदाच, नियम मोडून? तू हो म्हणालीस तर आजच विचारते.

उत्तर लवकर दे. तुझ्या शब्दाची वाट बघते.
तुझी,
चिमी


ता. १३ मार्च

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेडी आहेस. रडायला उठलीस ते कशासाठी? तुझ्या आईची व्यवस्था झालेली आहे. उंच बाईने तिला शब्द दिलाय की टोक तिलाच देणार, हळू ओढणार, निभावून नेणार. तुझ्या आईनेच मला तसं लिहिलं, आणि तिचं पत्र माझ्यासमोर पडलेलं आहे. ती गुणगुणते ती निश्चिंत झाली म्हणून.

आता विचार कर. तू भावनेच्या भरात तिच्यापुढे टोक धरलंस तर तिला ते घ्यावं लागेल, लेकीला नाही कशी म्हणणार? म्हणजे उंच बाईला तिने दिलेला शब्द तू मोडायला लावलास. सांभाळून घेणारी जोडीदार गेली आणि ओढणारी आली. तिचं मनगट दोन महिन्यांत निकामी होईल. चांगुलपणाने माणसं अशी मारली जातात.

विचारू नकोस. विचारलंस तर तिला कळेल की तुला तिचं मनगट ठाऊक आहे, आणि जे तिने एवढ्या कष्टाने झाकलंय ते उघडं पडेल. बाईमाणसाला तेवढी अब्रू राहू दे.

शिट्टीला टोक दे. मान ताठ ठेव. आणि त्या दिवशी इकडेतिकडे बघू नकोस, निवडताना नजर हलली की बायकांना वाटतं की हिचं मन पक्कं नाही.

सुखी राहा.
तुझी,
आत्या


ता. २२ मार्च

ती. ताईंस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे उंच बाईला नाही म्हटलं. तिला लागलं. मला म्हणाली की इतक्या वर्षांत तिने माझं कधी काही बिघडवलं का. मी कारण सांगितलं नाही, सुखाचं कारण बोलून दाखवलं की त्याला नजर लागते. तिने काल ठेंगणीला शब्द दिला.

नवं पातळ काढून ठेवलंय. लाँड्रीत कोण बघतंय म्हणा, पण मला वाटलं.

हा लोभ मी कुठे फेडणार?
तुमची,
धाकटी


ता. २ एप्रिल

आत्या,

नमस्कार. आज बाकी काही लिहिता येत नाही.

परवा जोड्या फुटल्या. सगळ्या भिंतीला लागून उभ्या होत्या. माझं नाव पहिलं आलं. मी चादर घेतली आणि तू सांगितलंस तशी इकडेतिकडे न बघता सरळ चालत गेले. शिट्टी आईच्या शेजारीच उभी होती. मी टोक पुढे केलं आणि ते आईने धरलं.

दोन्ही हातांनी धरलं, आत्या. दुखऱ्या हाताने पण. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने नवं पातळ नेसलं होतं. मागे कोणीतरी वा म्हणालं. शिट्टीचा हात अर्ध्यात राहिला होता. मला वाटलं हिची चूक झाली, उंच बाईला शब्द दिलाय हे गोंधळात विसरली. मी म्हटलं की बाई, सोडा. तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, की बाई, हे तुमच्यासाठी नाही. आणि टोक ओढून घेतलं. तिच्या मनगटाला झटका बसला, ते मला माझ्या हातात कळलं.

मग एकेक जोडी होत गेली. उंच बाईने ठेंगणीला दिलं. मी वाट बघत राहिले की आता कोणीतरी आईला देईल. कोणी दिलं नाही. शेवटी भिंतीशी ती एकटी उरली, पातळाचा पदर नीट करत. मोठ्या बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे न बघता उतरून गेली.

घरी आम्ही जेवलो. तिने वाढलं. विचारलं की भात आणखी हवा का. बाकी एक शब्द नाही. नियम आहे ना. मी काल शिट्टीच्या खोलीवर राहायला आले, मला त्या घरात श्वास घेववत नव्हता.

तू तर म्हणाली होतीस की उंच बाई तिला घेणार. तू म्हणाली होतीस.

चिमी


ता. ९ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाईट वाटलं. पण माझ्यावर बोट रोखण्याआधी उंच बाईला जाऊन विचार. तिने शब्द दिला होता की नाही, आणि तुझ्या आईनेच तो परत केला की नाही. मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, ते लिहिलं तेव्हा.

तिने उंच बाईला नाकारलं, कारण तिला तू हवी होतीस. तुला न विचारता. सगळ्यांसमोर टोक धरलं की लेक सोडवून घेणार नाही, असा तिचा हिशेब असावा. मी तिला दोष देत नाही. खाली जायच्या भीतीने माणूस काहीही करतो. पण तुझी गाडी अडवायला ती तयार झाली, हे मात्र लक्षात ठेव. आणि आता तूच दोषी असल्यासारखी गप्प बसली आहे. भात वाढून गप्प बसणं हे आमच्या घरात शिव्यांपेक्षा मोठं असतं, मला त्याचा अनुभव आहे.

शिट्टीकडे राहिलीस ते उत्तम केलंस. जोडीदार एकत्र राहिले की ताल जुळतो. सकाळी वेळेवर उठ, पोटभर जेव, ढीग वाढव. मन ठिकाणावर नसलं की हात भाजतो.

आशीर्वाद.
तुझी,
आत्या


ता. १८ एप्रिल

ती. ताईंस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाचवत नसेल, डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा आता उठत नाही.

खाली बरी आहे. म्हणजे नाही, पण तसंच लिहायची सवय आहे. रक्ताचे वेगळे, औषधाचे वेगळे, बाकीचे वेगळे. पहिल्या दिवशी उलटी झाली, मग तिथल्या बाईने मला नाकाला बांधायला फडकं दिलं. ती चांगली आहे. तुमची आठवण काढते. म्हणते की तुम्ही कोणाशी बोलायचा नाहीत, नुसत्या जिन्याकडे बघायचात.

ताई, माझंच चुकलं असणार. तुम्ही लिहिलंत त्याचा मी भलताच अर्थ घेतला. कधी मनात येतं की तुम्ही मुद्दाम तर... छे. एकटं पडलं की डोकं वाटेल तिकडे जातं, मनावर घेऊ नका.

माझं एकच मागणं आहे. पोरीला मी मुळीच रागावलेली नाही. तिचा हक्क होता. ढीग तिचा मोठा, पसंती तिची. मी जिन्यावरून उतरले तेव्हा वर बघितलं नाही ते रागाने नाही, माझा चेहरा मला आवरत नव्हता म्हणून. तिला कसं वाटेल ते मला कळायला हवं होतं. घरी बोलावं असं शंभरदा मनात आलं, पण तोंडच उघडेना. इतकी वर्षं बंद ठेवलेलं तोंड ऐनवेळी उघडत नाही. मग ती गेलीच. परवा फाटकाशी दिसली, मी हाक मारणार तोवर मान खाली घालून निघून गेली. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर मी जबरदस्तीने समोर जाणार नाही. एकदा जबरदस्तीने टोक धरलं, तेवढं पुरे.

माझा भाऊ म्हणतोय की त्याच्या गावी येऊन राहा, तिकडे मनगटावर उपचार होतील. महिनाअखेरची गाडी त्याने ठरवली आहे. एकदा गेले की परत येणं होईल असं वाटत नाही, वहिनी माझी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे. मला जायचं नाही. चिमीने नुसतं दार ढकललं, काही न बोलता येऊन बसली, तरी मी जाणार नाही. ती तुमचं ऐकते. तुम्ही तिला एवढं कळवा, की आई रागावलेली नाही, आई वाट बघते. तुमच्या शब्दाने होईल, माझ्याने नाही.

आजवर तुमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून आहे.
तुमची,
धाकटी


ता. २० एप्रिल

ती. आत्यास,
चिमीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तुला वाटेल ते लिहिलं, माफ कर. उंच बाईला विचारलं. तू म्हणालीस तेच खरं. आईने शब्द परत केला होता. मी दोन दिवस तिच्यावर चिडून होते. मग चीड संपली आणि काहीच उरलं नाही.

ढीग रोज वाढतोय. मोठ्या बाई खूश आहेत. शिट्टी शीळ घालते, माझे हात चालतात, आणि चादर ओढली की दर वेळी मला ते मनगट जाणवतं. मला आता उंच ढीग बघून काही वाटत नाही. परवा फाटकाशी आई दिसली. नाकाला फडकं बांधलेलं होतं, ओळखूच येईना. मला तिच्याकडे बघवलं नाही. मी पळाले.

आत्या, तिचं तुला काही पत्र आलं का? माझ्याबद्दल काही म्हणते का? शिव्या दिल्या असतील तर शिव्या कळव. तिला मी नकोच असेन तर तिच्या दारात जाऊन तिला आणखी छळायचं नाही. पण तिने अर्धी ओळ जरी चांगली लिहिली असेल, तर मी आजच्या आज खाली उतरते. मोठ्या बाईंना सांगते की तिच्या जागी मला बसवा, ते पहिलं टेबल गेलं चुलीत. तिचे पाय धरीन. नियम मोडीन आणि सगळं बोलीन.

फक्त तू सांग. तुझ्याशिवाय आमच्या दोघींमध्ये आता कोणी नाही.

उत्तराची वाट बघते. माया असू दे.
तुझी,
चिमी


ता. २६ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माफी कसली मागतेस, तू माझीच आहेस. तुझ्या हातात माझे हात आहेत असं सगळे म्हणतात, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते कसं लिहू.

उत्तराला उशीर झाला, इथे बाळूला ताप होता. आता उतरला. सूनबाईला मी चादरीची घडी कशी घालायची ते दाखवायला गेले, पण बोटं साथ देईनात, म्हणून नुसतं सांगितलं. तिने ऐकलं आणि पुन्हा बोळाच केला. असो.

कामाबद्दल थोडं. ढीग वाढतोय हे चांगलं, पण शिट्टीच्या शिळेवर फार विसंबू नकोस. ती आजारी पडली तर तुझा ताल कुठे जाईल? स्वतःच्या श्वासावर काम करायला शिक. मोठ्या बाईंसमोर दमल्याचं दाखवू नकोस. आणि जागा सोडण्याची भाषा कोणापाशी काढू नकोस, एकदा तोंडातून गेली की लोक धरून बसतात. आपण चांगल्या माणसांशी चांगलं वागावं, पण आपली जागा सोडून नव्हे. जागा गेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, हे मी अंगावर काढलंय म्हणून तुला सांगते.

खाली जाऊ नकोस. तिने हाक मारलेली नसताना गेलीस तर तिला वाटेल की तिची दशा बघायला आलीस. माझ्या वेळी एकजण अशी बघायला आली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

आणि तू विचारलंस त्याबद्दल. तुझ्या आईचं पत्र नाही. चांगली नाही, वाईट नाही, एक ओळसुद्धा नाही. मीही वाटच बघते आहे. आलंच, तर सगळ्यांत आधी तुला कळवीन.

माझा जीव तुझ्यात आहे, तुझाही माझ्यात राहू दे.
तुझी,
आत्या